वाऱ्याची सायकल

“बाई, फुलली! औंदा फुलली!”

शेजारच्यांच्या फोनवर एवढं एकच वाक्य धड ऐकू आलं. बाकी सगळी खरखर. तळेघरहून फोन लावायचा म्हणजे भीमाबाईला, माझ्या जुन्या घरमालकिणीला, घरामागच्या टेपाडावर चढावं लागतं. तिथून ती फोनमध्ये बोलत नाही, सरळ आमच्या राजुरीच्या दिशेनं ओरडते. काय फुललं ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. भाद्रपद संपत आला होता. मी मनातल्या मनात वर्षं मोजली आणि अंगावर काटा आला. कारवी फुलली होती.

कारवी एरवी दाखवूनही काही उपयोग नसतो. सात वर्षं ते एक साधं झुडूप असतं. डोंगरउतारावर दाटीनं वाढलेलं, खरखरीत पानांचं, कुणी वळून बघू नये असं. आणि मग एका वर्षी, पाऊस ओसरता ओसरता, डोंगरच्या डोंगर निळाजांभळा होतो. एखादं झाड नाही, एखादा उतार नाही, सगळीकडची सगळी कारवी एकाच वर्षी फुलते. त्यांना कोण सांगतं, त्या कशा मोजतात, हे मला आजही कळत नाही. मी शाळेत शिकवते, तरी कळत नाही. फुलून झालं, बी धरलं, की ती सगळी वाळून मरून जाते. मग लोक काठ्या तोडून आणतात आणि घराच्या कुडाला लावतात. तळेघरच्या माझ्या खोलीची भिंत अशाच कारवीची होती. वरून शेणामातीनं लिंपलेली. कुठेतरी लिंपण निघालं की आतल्या काठ्या दिसायच्या.

फोन ठेवता ठेवता भीमाबाईनं आणखी एक विचारलं.

“ती वाऱ्याची सायकल हाय नव्हं अजून?”

“हाय हाय,” मी पण ओरडले.

ते खरंच होतं. दसऱ्यापर्यंत होती. दसऱ्याच्या मुहूर्तावर बेल्ह्याचे एक पाव्हणे ती न्यायला यायचे होते.

ती सायकल म्हणजे गिअरची सायकल. पुढे तीन चकत्या, मागे सहा, जाड टायर, सरळ दांड्याचं हँडल. आमच्या पडवीत ती कित्येक दिवस खुंटीला टांगलेली होती. तिच्यावर एकदा चिमणीनं घरटं करायचा विचारही केला होता. तिच्या शेजारी माझी रोजची सायकल उभी असते. काळी, साधी, लेडीज, पुढे टोपली, मागे जाळीचं कॅरिअर. तिला गिअर नाही. आमच्या ह्यांना त्या खुंटीखालची जागा पाहिजे होती. गायी वाढल्या होत्या, कडबाकुट्टी नवीन आली होती, तिची मोटर पावसात भिजत होती.

“अगं, तू त्या सायकलीवर शेवटचं कधी बसलीस ते तरी आठवतंय का?” हे म्हणाले. “मोटर काय माझ्या डोक्यावर ठेवू?”

बोलणं रास्त होतं. म्हणून तर मी पाव्हण्यांना हो म्हणाले होते. पण हो म्हटल्यापासून माझा जेवणात जीव नव्हता. भाकरी करता करता पडवीकडे नजर जायची. लोखंडाच्या एका वस्तूसाठी बाईमाणसानं एवढं हळवं व्हावं याचा मला रागही येत होता. दुसरं काही असतं, पाटल्या असत्या, पैठणी असती, तर लोकांना समजावून तरी सांगता आलं असतं.

ती मला भाऊबीजेला मिळाली. माझं माहेर लोणी, आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेचं. सपाट रान, बाजरी, बोरी-बाभळी, आणि आभाळाकडे बघत काढलेले जून-जुलै. माझा धाकटा भाऊ दत्ता पिंपरीला कंपनीत लागला आणि पहिल्या बोनसला त्यानं हौसेनं ही सायकल घेतली. त्याच सुमाराला मला शिक्षिकेची नोकरी लागली, आणि तीही तळेघरच्या पलीकडच्या एका वाडीत. तालुका तोच, पण दुसरं टोक. एसटी कधीमधी, बाकी सगळं चालणं. दिवाळीला ओवाळून झाल्यावर दत्तानं ताटात काही टाकलं नाही. मला हाताला धरून अंगणात नेलं आणि म्हणाला, “ताई, ही ने. तुला डोंगरात लागंल.” आई म्हणाली, पोराला याड लागलं. लोणीत तेव्हा बायका साध्या सायकलीवरही बसत नव्हत्या. मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला गुंडाळून गावातून एक फेरी मारली आणि पारावरची माणसं बोलायची थांबली. मला ती शांतता लई आवडली.

दत्तानं शिकवताना एकच धडा दिला. “चढ आला की मागं मोठी चकती, पुढं बारकी. पाय हलका हुतो. बाकी हळूहळू जमंल.”

तळेघरला मी भीमाबाईच्या घरात भाड्यानं राहिले. भीमाबाई माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी. भाताची आणि नाचणीची थोडी खाचरं, एक सून, मुलगा मंचरला कामाला. तिला माझ्या सायकलीची दया यायची. “बाई, चालत जावा की. एवढं वझं कशाला घेऊन फिरता?” तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पावसाळ्यात घाटरस्त्यावर ढग उतरायचे. आभाळातले ढग रस्त्यावर फिरताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. सायकल चालवताना पुढचं चाक दिसायचं नाही. आपण पायडल मारतोय, चाक फिरतंय, हे फक्त विश्वासावर. कुठूनतरी पाण्याचा आवाज यायचा, मग डावीकडे, मग उजवीकडे, मग डोक्यावर. एखादी घुंगराची काठी वाजायची, एक घोंगडं पुढ्यात उभं राहायचं, म्हणायचं, “बाई, जपून,” आणि परत ढगात जायचं. लोणीच्या मुलीला एवढं पाणी म्हणजे काय ते कुणी सांगून पटलं नसतं. मी कितीदा तरी मधेच थांबून नुसती उभी राहिले आहे. शाळेला उशीर झाला तर मुलं काही बोलायची नाहीत. तीही उशिराच यायची.

उन्हाळ्यात तिथं पडकई असते. एकेकाच्या उतारावर सगळ्यांनी मिळून जायचं, दगडाचे बांध घालायचे, माती सपाट करायची, नवं खाचर पाडायचं. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. पैशाचा संबंध नाही. दिलेला दिवस दिवसानंच फेडायचा. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्यात जायची. पहिल्यांदा सगळ्या बायका हसल्या, मग डोक्यावर पाटी दिली. माझे हात सोलवटले आणि मी तिथली झाले. अडचण एवढीच की माझ्याकडे शेत नव्हतं. माझी पाळी कधी यायचीच नाही. भीमाबाईला ते फार लागायचं. “बाईची पाळी राह्यली,” असं ती दर वेळी सगळ्यांदेखत बोलायची, आणि सगळ्या गंभीरपणे माना हलवायच्या.

आणि त्याच वर्षी, गणपती उठता उठता, कारवी फुलली.

मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मला कळलं नसेल. आठवडाभर ढग खाली उतरून बसले होते. एका सकाळी मी चढावर होते, मान खाली, दम लागलेला, नजर फक्त रस्त्यावरच्या खडीवर. आधी आवाज आला. मला वाटलं लांब कुठेतरी मोटर चालू आहे. तिथं मोटर कुठली असणार! पाय टेकवून वर बघितलं. ढग फाटले होते आणि समोरचा डोंगर निळा होता. काल हिरवा होता, आज निळा. आवाज मधमाश्यांचा होता, आख्ख्या डोंगराचा एकच आवाज. मी सायकल तिथंच आडवी टाकली. हात जोडले की नाही ते आठवत नाही. पण डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसावं असंही वाटलं नाही. एवढं मोठं काही आपल्यासाठी नसताना आपल्यासमोर घडतं, आणि आपण योगायोगानं तिथं असतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

त्या दिवसापासून हळवं, म्हणजे लवकर येणारं, भात कापून खळ्यावर येईपर्यंत मी कुठं होते ते सांगता येणार नाही. शाळेत फळ्यावर लिहीत असायची आणि खिडकीतून निळं आत यायचं. मुलींच्या कोपरांना, केसांना कारवीचा चिकटपणा लागलेला असायचा. भीमाबाईनं पोळ्यातला मध वाटीत दिला, काळसर, दाट, बोटावरून लवकर न सुटणारा.

दसऱ्याच्या आगेमागे तिचं हळवं भात झोडून झालं. खळ्यावर रास पडली, आता उफणायचं होतं. सून उंच तिपाईवर सूप घेऊन चढली. आणि वारा पडला. पान हलेना. भात वरून सोडलं की पळीज, म्हणजे पोकळ फोल, आणि दाणा दोन्ही सरळ खाली. “ये रं बाबा, ये,” भीमाबाई वाऱ्याला हाका मारत होती, गुरं बोलवावीत तशी. तिथं उफणणीला असंच बसून राहतात. वारा आला की उठायचं, गेला की बसायचं. कुणी चिडत नाही. मी बसल्या बसल्या सायकल उलटी उभी केली आणि चेनला तेल घालायला लागले. हातानं पायडल फिरवलं, मागचं चाक गरगरलं, आणि जवळची पळीज थोडीशी उडाली.

थोडीशीच. पण भीमाबाईनं बघितलं. ती उठली, बांधावरच्या रानकेळीची पानं तोडून आणली आणि चाकाच्या तारांत विणली.

“फिरवा, बाई.”

मी फिरवलं. पानांच्या क्षणात चिंध्या झाल्या, सगळ्यांच्या तोंडावर उडाल्या, आणि खळ्यावर असं हसू फुटलं की सून तिपाईवरून पडता पडता वाचली. मग खरा वारा आला. पण तेव्हापासून तिचं नाव वाऱ्याची सायकल.

पुढे लग्न झालं, बदली झाली, मी राजुरीला आले. इथं सगळं सपाट. ऊस, कांदा, दुधाच्या गाड्या, आणि शाळेच्या वस्तीपर्यंत सरळ रस्ता. एकदा गिअरच्या सायकलीची वायर गंजून तुटली म्हणून मी नणंदेची साधी सायकल दोन दिवसांसाठी घेतली. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. काय सांगू, त्या सायकलीवर डोक्याला काही कामच नाही! तिच्याकडे बदलायला काही नाही, म्हणून आपणच बदलायचं. चढ आला की उभं राहायचं, उतार लागला की पाय सोडायचे, समोरून वारा आला की वाकायचं. वाकलं की वारा डोक्यावरून जातो. मला ते फार आवडलं. गिअरच्या सायकलीवर मला कायम वाटायचं की आपण काहीतरी चुकीचं करतोय. ह्या सायकलीवर चुकायला जागाच नाही.

मग ती ठेवायची कशाला? हाच तर प्रश्न होता. पायाखाली ती नको होती. पण ती पडवीत आहे तोवर मी घाट चढलेली बाई होते. ती गेली की मी फक्त राजुरीची बाई. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. ह्यांनाही नाही.

एकदा मनात आलं, दत्ताला विचारावं. भाऊबीजेची वस्तू, त्याला वाईट वाटायला नको. फोन केला तर तो कितीतरी वेळ हसतच होता. “ताई, तुला म्हणून सांगतो. मला ते गिअर कधी जमलेच न्हाईत. दर वेळी चेन पडायची, कंपनीतली पोरं हसायची. म्हणून तर तुला दिली!” एवढी वर्षं मी त्या सायकलीत भावाची माया बघत होते. माया होतीच म्हणा, पण तिच्या मागे ही भानगड होती.

खंडेनवमीच्या आदल्या दुपारी मी सायकल खाली काढली. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पाव्हणे. घाणेरडी कशी द्यायची? रॉकेलचं फडकं घेतलं आणि मागच्या चकत्या पुसायला बसले. पुसता पुसता हात थांबला. सहा चकत्यांपैकी पाच कोऱ्या होत्या. दाते चौकोनी, कडांना दुकानातला काळा लेपसुद्धा तसाच. आणि सहावी, सगळ्यात मोठी, झिजून तिचे दाते अणकुचीदार झाले होते, कुत्र्याच्या सुळ्यांसारखे.

म्हणजे मी कधी गिअर बदललाच नव्हता. दत्तानं पहिल्या दिवशी सांगितलं, चढाला मोठी चकती. तळेघरला जिथं जाईन तिथं चढ. उताराला पायडल मारायचंच नसतं. ‘बाकी हळूहळू जमंल’ ते कधी जमवलंच नाही, कारण लागलंच नाही. एवढ्या गिअरची सायकल मी दोन वर्षं एकाच गिअरवर चालवली. सगळा घाट, सगळे ढग, तो निळा डोंगर, पडकईला केलेल्या खेपा, सगळं ह्या एका चकतीनं ओढलं होतं. मला हसू यायला हवं होतं. ते नंतर आलं. आधी मी त्या झिजलेल्या दात्यांवरून बोट फिरवलं आणि मला माझ्याच पायांविषयी आदर वाटला. आणि उरलेल्या पाच चकत्या इतकी वर्षं काही न मागता जवळ बसून होत्या. त्यांच्याकडे बघवेना. पाव्हणे त्या घेऊन जातील, बेल्ह्याच्या रस्त्यावर झिजवतील. छानच होईल. पण मला भीमाबाईचा आवाज ऐकू आला. हाय नव्हं अजून?

खंडेनवमीला ह्यांनी कोयता, खुरपी, पंप, कडबाकुट्टी सगळं धुऊन मांडलं. झेंडूचे हार. माझ्या काळ्या सायकलीला एक हार. गिअरच्या सायकलीपाशी मी कुंकवाची वाटी घेऊन घुटमळले. पूजा हत्याराची असते, आणि हत्यार म्हणजे जे वापरात आहे ते.

“लाव तिलाबी,” हे म्हणाले. “घरातनं जाताना कोरी कशाला जायची.”

त्या बोलण्यानं मला धीर आला. मी कुंकू लावलं आणि म्हणाले, “मी हिला आज तळेघरला घेऊन जाते.”

“आणि पाव्हणं?”

“त्यांना म्हणावं, दसरा हाय, सोनं घेऊन जावा.”

ह्यांनी गिअरची तुटलेली वायर काढली, पंपाच्या सामानातली एक वायर कापून बसवली, हँडलवरची कळ ढकलून बघितली आणि म्हणाले, “चालतंय.” मला आळेफाट्यावर सोडून, सायकल एसटीच्या टपावर स्वतः चढवून बांधली. कंडक्टर म्हणाला, “मॅडम, सायकलवर जायचं का गाडीनं जायचं, एकदा काय ते ठरवा.” बेल्ह्याच्या पाव्हण्यांना ह्यांनी नंतर काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही. खुंटीखाली मोटर बसली, एवढं खरं.

डिंभ्याच्या पुढे गाडी वळणं घ्यायला लागली आणि मी खिडकीला चिकटले. फुलांचा भर ओसरायला लागला होता. तरी वरच्या अंगाला निळं होतं. लांबच्या लांब, ढगांच्या खाली निळा पट्टा. गाडीत कुणीतरी डबा उघडला होता, कुणी झोपलं होतं. मला सगळ्यांना हलवून उठवावंसं वाटलं. बघा की, सात वर्षांनी आलंय!

भीमाबाई खळ्यावरच होती. थकली होती, पुढचे दात गेले होते. मला बघून उठली नाही, सायकलीकडे बघितलं आणि म्हणाली, “आली का?” ते मला होतं की सायकलीला, कोण जाणे. सून तिपाईपाशी, रास पडलेली, वारा पडलेला. काही बदललं नव्हतं. फक्त ह्या वेळी भीमाबाईची तयारी होती. तिनं तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून पात्या करून ठेवल्या होत्या, भोकं पाडून, तार ओवून. सायकल येईल की नाही हे ठाऊक नसताना.

“माझ्याकडे सायकल नसती तर?” मी विचारलं.

“नसती तर नसती. पत्रा काय खायला मागत व्हता?”

आम्ही सायकल उलटी केली, मागच्या चाकाच्या तारांना पात्या जरा तिरप्या बांधल्या. आधी नाचणीची एक पाटी घेतली. मी पायडलला हात घातला आणि फिरवायला लागले. त्या झिजलेल्या मोठ्या चकतीवर, सवयीनं. मऊ वारा सुटला. नाचणीला तेवढाच लागतो, जास्त झाला की दाणाही उडतो. कोंडा अलगद बाजूला झाला. भीमाबाईनं मान हलवली.

मग भात. तोच वारा भाताला पुरेना. मी जोर केला तशी चेन कडकड करत झिजलेल्या दात्यांवरून उडायला लागली. आणखी जोर, आणखी कडकड. चकती संपली होती. मला घाटातून वर नेणारी चकती आता ओढायला तयार नव्हती.

“बाई, तो खटका कशाचा हाय?” सूनबाईंनी तिपाईवरून विचारलं.

हँडलवरची कळ. मी ती दोन वर्षांत एकदाही हलवली नव्हती. मला खरंच भीती वाटली, हसू नका. एका हातानं पायडल फिरवत दुसऱ्या हातानं कळ ढकलली. चेन कुरकुरली, लटपटली, आणि टक् करून शेजारच्या चकतीवर बसली. पडली नाही! आणखी एकदा ढकलली. टक्. मग आणखी. सगळ्यात लहान चकतीवर, जिथं दुकानातला काळा लेप होता, तिथं चेन पहिल्यांदाच बसली. पायडल जड झालं आणि चाकानं असा काही आवाज धरला की भीमाबाईनं पदर सावरला. सुनेनं सूप हलवलं. दाणा सरळ खाली, सोनेरी, आणि पळीज एका लांब पट्ट्यात उडून बांधापलीकडे गेली.

कुणी हसलं नाही. सगळ्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या खळ्यावरच्या बायका सुपं घेऊन आल्या. ज्यांनी जन्मभर वाऱ्याची वाट पाहिली त्या चाकासमोर हात धरून वारा तपासत होत्या. एक म्हातारी पुढे आली, तिनं डोळे मिटले आणि तोंडावर वारा घेत राहिली. मी फिरवत होते. खांदे भरून आले, तरी थांबावंसं वाटेना. वरचा डोंगर निळा होता आणि माझ्या हातातून वारा निघत होता. अशा वेळी माणसाला वाटतं की आपण काही केलेलं नाही, आपल्याला फक्त इथं असू दिलं आहे.

संध्याकाळी मी भीमाबाईला म्हणाले, “सायकल इथंच राहू दे.”

“न्हाई,” ती म्हणाली. “आदीच तुमची पडकईची पाळी राह्यलीय. त्याच्यावर आणि हे कुठं ठेवू? एवढं फिटायचं न्हाई आमच्याच्यानं.”

ती खरंच नाही म्हणत होती. मी दोन-तीनदा सांगून बघितलं, ती ऐकेना. शेवटी मी म्हणाले, “मग माझी पाळी उद्या फेडा. मला कारवीत घेऊन चला. चालत. सगळ्या.”

भीमाबाईनं विचार केला. सुनेकडे बघितलं. “दिवस दिला की फिटलं,” ती म्हणाली, आणि मोकळी झाली.

दसऱ्याच्या सकाळी सगळ्या निघालो. पडकईला जातात तशाच, भाकरी फडक्यात बांधून, फक्त टिकाव-फावडी न घेता. काम नसताना डोंगरावर जायचं म्हणून त्यांना लाज वाटत होती, त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. कारवी आमच्या डोक्यापेक्षा उंच होती. आत शिरलो तसं बोलणं थांबलं. उजेड निळसर होता. माश्या कमी झाल्या होत्या, पण होत्या. हाताला, केसांना चिकटपणा लागला. खाली सात-आठ वर्षांपूर्वी पाडलेली खाचरं दिसत होती, एकाखाली एक, पिवळी. त्यातल्या एका बांधात माझ्या हातचे दगड आहेत. कुठले ते मला ओळखता आलं नाही. भीमाबाईला आलं. तिनं बोट करून दाखवलं आणि मग स्वतःच्या पायाजवळची काठी हलवून बघितली, पुढच्या वर्षी कुडाला चालेल की नाही ते. पाऊस पडला की ह्याच जागी नवी रोपं उगवणार, आणि पुन्हा सात वर्षं कुणी वळून बघणार नाही. पुढच्या खेपेला भीमाबाई असेल का, हे माझ्या मनात आलं. तिच्याही आलं असावं. ती म्हणाली, “लई झाक हाय, न्हाई?” मी म्हणाले, “लई.”

राजुरीला परतले तेव्हा हात हलके होते. पडवीत मोटर होती, खुंटी रिकामी होती. हे म्हणाले, “ठेवली का दिली?” एसटीत सगळ्या रस्त्यानं मी तेच शोधत होते. घाट चढलेली बाई पडवीतून गेली, असं वाटायला पाहिजे होतं. तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी काळ्या सायकलीवर टांग टाकली आणि शाळेला निघाले. तिच्या गळ्यात खंडेनवमीचा सुकलेला झेंडू तसाच होता. कांद्याची रोपं टाकलेले वाफे, उसाचे तुरे, सरळ रस्ता. वस्तीच्या वळणावर तोंड मावळतीकडे, तळेघरच्या दिशेला होतं, आणि तिथं समोरून वारा आला. मी नेहमीसारखी वाकले. मग पुन्हा सरळ झाले, छातीवर घेतला. उफणणीचे दिवस आहेत, तिकडे कुणीतरी पायडल फिरवत असेल.